माय ओट्यावर बसायची

आमच्या पहिल्या बिऱ्हाडाच्या भिंतीला भिंत लावून मिरचीचं गोदाम होतं. नंदुरबारच्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ओली मिरची वाळत घालतात, त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. लांबून जमीन लालभडक दिसते, पाहुण्यांना फार आवडते. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं सुरतेला किंवा भुसावळला निघून जातात. आम्ही तिथंच राहत होतो. वाळलेल्या मिरचीची पोती गोदामात यायची, हमाल ती धपाधप आपटायचे आणि इकडे आमच्या घरात सगळे शिंकायला लागायचे. अंथरुणाला मिरचीचा वास, भाकरीला मिरचीचा वास, देवाला वाहिलेल्या फुलांनासुद्धा. मी लहानपणी रडताना डोळे चोळायचे नाही, इतकी शहाणी झाले होते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं काहीच वाटत नसे. ते मिरचीच्या आडत दुकानात कामाला होते. त्यांचं नाक कधीच मेलं आहे, असं माय म्हणायची. मायचं नाक मात्र जिवंत होतं आणि छाती नाजूक. मला आठवतं तेव्हापासून ती खोकत होती. आधी हिवाळ्यातच खोकायची, मग बाराही महिने. भाकरी थापता थापता तिला उबळ यायची, मग ती परात सरकवून भिंतीला टेकायची आणि हातानंच आम्हाला सांगायची की जवळ येऊ नका. वैद्यांनी काढे दिले, मग एकदा वैतागून आबांना म्हणाले, "काढ्यानं काय होणार? हिला आधी त्या मिरचीतून बाहेर काढा."

मायनं बाहेर पडायची जागा कधीचीच हेरून ठेवली होती.

तिचं माहेर प्रकाशा गावाजवळ, तापीच्या काठी. लग्न होऊन ती बैलांच्या दमणीतून नंदुरबारला आली, तेव्हा जुन्या गावातल्या एका बोळात दमणी अडली. पुढं कुणाची तरी गाडी आडवी झाली होती. माय नवी नवरी, पदर नाकापर्यंत, त्यातून तिनं हळूच वर पाहिलं तर एका घराची कोरीव लाकडी दर्शनी बाजू. खांबांना वेली, वेलींवर पोपट, दरवाजाला पितळी फुलं आणि दारापुढं ऐसपैस दगडी ओटा. तिला वाटलं हेच आपलं सासर. गाडी सुटली, दमणी पुढं निघाली आणि थेट मिरचीच्या गोदामाशी येऊन थांबली. ही गोष्ट सांगताना ती स्वतःच इतकी हसायची की खोकला लागायचा. पण त्यानंतर बाजाराला जाताना सरळ रस्ता सोडून ती त्या बोळातून जायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आबा तिला चिडवायचे, "ते घर तुन्ही सवत शे."

लोक त्या घराला हवेली म्हणायचे, पण ते काही फार मोठं नव्हतं. दोन मजले, वर मातीचं सपाट धाबं, मधे छोटा चौक. आगगाडी यायच्या आधी, सुरतेला माल बैलगाड्यांनी जायचा त्या काळात, कुणा गुजराती व्यापाऱ्यानं ते बांधलं होतं. सागवान नवापूरकडच्या जंगलातलं, सुतार गुजरातेतले. पुढं ते एका मारवाडी कुटुंबाकडं आलं आणि दोन पिढ्या त्यांच्याकडंच राहिलं. मग त्यांचा सगळा धंदा खांडबाऱ्याला, स्टेशनजवळ हलला, आणि म्हाताऱ्या शेठजींनी घर विकायचं काढलं. आबांच्या कानावर हे दुकानातच आलं. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, यांनी मिळून वाटाघाटी केल्या. व्यवहार ठरला त्या दिवशी आबा घरी आले आणि टोपी काढायच्या आत म्हणाले, "पोरीनी माय, तुन्ही सवत घर लई उनू." तुझी सवत घरी घेऊन आलो, म्हणे. मायनं आधी विश्वासच ठेवला नाही. मग ती चुलीपुढं बसूनच पदरात तोंड घालून रडली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आनंदानं रडणं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

गृहप्रवेश जेठात करायचा असं ठरलं. पण शेठजींची सून त्या घरात बाळंत झाली. आता बाळंतिणीला कोण उठवणार? त्यांच्यात बाळंतीण न्हाऊन-माखून, विहिरीची पूजा करून आल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. शेठाणीबाई स्वतः आमच्या बिऱ्हाडी आल्या, मायचे हात धरून म्हणाल्या की थोडं थांबा. मायनं त्यांनाच बाळंतविडा दिला आणि वर सांगितलं की घाई करू नका, नव्या घरात बाळाचं रडणं झालं म्हणजे घराला बरंच. तिला तसं खरंच वाटत होतं. एका बाळानं आमचा जेठ खाल्ला, पण बाळावर कुणी रागावतं का? विहीर पुजून, गाड्या भरून ती मंडळी गेली, चाव्या आबांच्या हाती आल्या, आणि पंचांग उघडलं तर आषाढी एकादशी दोन दिवसांवर. त्या दोन दिवसांत मुहूर्त नव्हता. एकादशीला देव झोपतात, ते उठतात कार्तिकात. मधले चार महिने कुणी नव्या घरात पाय घालत नाही.

आता खरं सांगायचं तर भटजींनी वाट काढून दिली होती. ते म्हणाले, "श्रावणात वास्तूला दोन मुहूर्त मिळतात. बरेच लोक करतात." आबा खूश होऊन घरी आले. मायनं ऐकून घेतलं आणि सुपात दाणे पाखडता पाखडता म्हणाली, "देव जपेल शेत, नी आपण घरमा घुसानं? चोर शेत का आपण?" देव झोपलेले असताना चोरासारखं घुसायचं का, असं.

आबा म्हणाले, "मंग भाडाना घर समज नी चाल. वास्तू मांगेतीन करूत."

मायनं सूप खाली ठेवलं. "प्लेगना सालले बी तुम्हीन असंच सांगं व्हतं. जागा भेटनी, चाल, घुसी जाऊत. घुसनूत. काय व्हयनं?"

काय झालं ते मला माहीत होतं, जरी त्यावर घरात कुणी बोलत नसे. माझ्या आधीची दोन भावंडं. प्लेगाच्या साली सगळं गाव शेतांत झोपड्या घालून राहिलं होतं. साथ ओसरली म्हणून लोक परतले, तेव्हा गोदामाशेजारचं आमचं बिऱ्हाड काही महिन्यांपुरतं दुसऱ्या कुणी घेतलं होतं. आबांना एक रिकामी खोली मिळाली, त्यांनी घाईघाईनं तीत सामान टाकलं. पितृपक्ष होता. माय नको म्हणत होती. पोरांना घेऊन पावसात कुठं उभी राहतेस, असं म्हणून आबांनी तिला आत नेलं. दोन्ही पोरं त्याच खोलीत गेली. साथ पुरती गेलीच नव्हती, हे जगाला कळत होतं. आबांनाही कळत होतं. पण मायच्या मनानं घेतलं होतं की आपण वेळ न पाहता उंबरा ओलांडला. आणि त्या दिवशी हाताला धरून आत नेणारे आबाच होते. त्यांना पुढं बोलायला तोंड कुठं होतं?

मला मायचा राग येतो, आणि तो आवरून मी लिहीत बसणार नाही. भटजी हो म्हणतात, नवरा हो म्हणतो, वैद्य पाया पडायचा बाकी, आणि ही बाई पंचांगाच्याही वर पंचांग मांडून बसलेली. पण ज्या बाईनं दोन लेकरं तशी घालवली, तिला तुम्ही काय समजावणार? मलाही दोन-चार वेळा वाटलं, हात धरून ओढावं. मी तिच्या खांद्याएवढी झाले होते, ओढलं असतं तर आली असती. पण आबांनी मला डोळ्यांनीच दटावून ठेवलं होतं.

ओटा मात्र उंबऱ्याच्या बाहेर. ओट्यावर बसायला कसली हरकत नाही, असं मायनंच ठरवलं. मग रोज दुपारी स्वयंपाकपाणी आटोपून ती मला घेऊन निघायची. चावी माझ्याकडं. मी कुलूप काढायची, ती ओट्यावर फतकल मारून बसायची आणि मला म्हणायची, "तू जाय मजार. तू कुवारी शे, तुले दोष नही."

मी आत जाऊन झाडू मारायची. घराला माणसाची सवय असते, ते बंद राहिलं की कोळी आणि वटवाघळं घर करतात. मी झाडायची आणि ती बाहेरून विचारायची. शेठजींकडं आधी कितीदा तरी बोलावलं होतं तरी ती आत गेली नव्हती; परक्याचं म्हणून पहिला पाय टाकणार नाही, टाकेन तो आपलं म्हणूनच, हा तिचा हट्ट. तेव्हा तिच्या घरात काय आहे हे तिला माझ्याकडूनच कळायचं. चौक केवढा आहे? जिना कुठून चढतो? वरच्या खोलीला खुंट्या आहेत का? मी ओरडून उत्तरं द्यायची आणि ती तिथं बसल्या बसल्या घर लावायची. जातं इथं, मांडणी तिथं, पाण्याचे हंडे जिन्याखाली. आपल्या माहेरचा लाकडी पेटारा वरच्या खोलीत खिडकीशी. एकदा तर तिनं पेटारा तिथून हलवून पुन्हा खाली आणला, कारण रात्री जिना चढून कोण जाणार. पेटारा अर्थात अजून गोदामाशेजारीच होता.

"चूल कोठे शे वं?" तिनं विचारलं.

"मांगली खोलीमा."

"उजेड?"

खोटं कशाला बोलू? "निस्ता अंधार शे," मी म्हटलं. खरंच काळामिट्ट अंधार होता, भिंती धुरानं डांबरासारख्या झालेल्या. मागं कधीतरी खिडकी असावी, पण शेजारच्यांची भिंत तिला येऊन टेकली होती. माय फणकाऱ्यानं म्हणाली, "बाईना सगळा जलम चुल्हाजोडे जास, नी घर बांधनारा पोपट कोरतस दारवर!"

समोरच्या घरात एक गुजराती म्हातारी राहायची, गल्ली तिला बा म्हणायची. ती हसत हसत बाहेर आली. त्या दिवसापासून तिची आणि मायची गट्टी जमली. बा रोज तांब्याभर पाणी आणून द्यायची आणि रोज एकदा तरी म्हणायची, "अरे बेन, अंदर बेसो ने! पोतानुं घर छे!" स्वतःचंच घर आहे, आत बस ना. माय मान हलवायची. हळूहळू गल्लीतल्या बायका तिथं निवडण-टिपण घेऊन येऊ लागल्या. गल्लीला वाटायला लागलं की हवेलीत माणसं राहायला आली, फक्त ती बाहेर राहतात. तिथं बसलेली असताना मायला खोकला कमी यायचा. हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत, बासुद्धा म्हणायची. दुपारभर ती मोकळा श्वास घ्यायची आणि संध्याकाळी आम्ही कुलूप लावून मिरचीत परत यायचो. पावसाळ्यात पथारी नसते, पण गोदाम बंद असतं आणि आत दमटलेली मिरची हिवाळ्यापेक्षाही वाईट. रात्रभर ती बसून असायची, आडवं झालं की दम लागायचा. सकाळी आबांचे डोळे तिच्याहून लाल असायचे.

चुलीच्या अंधाराचं मी आबांना सांगितलं. त्यांनी गवंडी गाठला. भादव्यात पावसानं जरा उघडीप दिली, तेवढ्यात मागच्या एकमजली खोलीच्या धाब्याला चुलीच्या बरोबर वर हातभर भोक पाडून घेतलं, कडेनं विटांची कड बांधली, वरून झाकायला पत्रा करून घेतला. घर पाडणं-बांधणं या दिवसांत चालत नाही, डागडुजी चालते, असं त्यांनी भटजींना विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकान सोडून आमच्याबरोबर आले. मायला म्हणाले, "आठे बठ. नही, जरासं तिकडे सरक. आते दख." मी आत जाऊन मधली दोन्ही दारं उघडली. ओट्यावरून, उंबऱ्याच्या अलीकडून, चौकापलीकडं मागच्या खोलीत जमिनीवर उन्हाचा एक तुकडा दिसत होता. माय वाकून वाकून पाहत राहिली. "चांगलं शे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "लई चांगलं शे." आबा रस्त्यावर उभे होते, लहान पोरासारखे लाजून. त्या दोघांना मी इतकं सुखी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर तर प्रश्नच नाही.

त्याच्या आठवड्याभरात तो पाऊस झाला. आम्ही ओट्यावर असतानाच आभाळ काळं झालं. मी आत झाडत होते. वारा सुटला तसा पाऊस आडवा यायला लागला, ओट्यावरच्या छपराचा काही उपयोग होईना. मी दारात आले. माय दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, पायाच्या टाचा उंबऱ्याला टेकलेल्या.

"माय, मजार ये!"

"नही."

"भिजी ऱ्हायनी तू!"

"भिजू दे. पाऊस शे, भिजाडीच."

मी आत कोरडी, ती बाहेर भिजलेली, आमच्या मधे उंबरा. बा समोरून हाका मारत होती, पण बोळातून पाणी असं वाहत होतं की तिला येता येईना आणि मायला जाता येईना. मी रडत ओरडले की तुझ्या देवांना सांग, झोपेत एवढं काही ऐकू जात नाही. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, "तुन्हाकरता ते करी ऱ्हायनू ना मी." मग तिला उबळ आली. मी उंबरा ओलांडून बाहेर आले आणि तिला धरून भिजत उभी राहिले, दुसरं काय करणार?

त्या रात्री ताप भरला. ताप उतरायचा, चढायचा, पण खोकला काही उतरला नाही. ती पुन्हा ओट्यावर गेली नाही. नवरात्रात घट बसले तेव्हा तिला उठून बसायलाही आधार लागत होता. आबांनी दुकानात जाणं सोडलं. वैद्य यायचे, नाडी पाहायचे आणि आबांशी दाराबाहेर जाऊन बोलायचे. आबा परत आत येताना तोंडावरून हात फिरवून यायचे.

दसरा झाल्यावर एका सकाळी आबा तिच्याजवळ बसून म्हणाले, "एकादशी व्हयनी. देव उठनात. चाल, उठ, घर जाऊत." दारात त्यांनी डोली आणून ठेवली होती. उचलून थेट नेणार होते. मी तोंड उघडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून मायचं पांघरूण नीट करायला लागले. मायला दिवसांचा हिशोब राहिला नसेल, असं त्यांना वाटलं. तिनं डोळे उघडले, जरा वेळ बाहेरचा कानोसा घेतला.

"मंग ऊस कोठे शेत?"

तुळशीच्या लग्नाला दारोदार ऊस लागतो. एकादशी झाली असती तर बाजारभर ऊस असता, पोरं रस्त्यात सोलून खात असती. पण आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. उठले, पायांत जोडा घातला आणि प्रकाशाच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आले ते खांद्यावर दोन ऊस घेऊन. पाल्यासकट. मायच्या माहेरच्या मळ्यातले, कुणाला न सांगता तोडून आणलेले असावेत. त्यांनी ते तिला दिसतील असे दाराला टेकवून उभे केले. चेहऱ्यावर धूळ, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. "आते दख," ते म्हणाले. "ऊस बी उनात."

मायनं उसांकडं पाहिलं. तापीकाठची पोर ती, उसाच्या फडात वाढलेली. तिच्या ओठांवर हसू आलं, खरंखुरं. म्हणाली, "कवळा शेत. अजून महिना पाहिजे." मग आबांचा हात चाचपडून धरला आणि म्हणाली, "इतला चालनात तुम्ही?"

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. दिवाळीच्या आधी गेली. मिरचीच्या गोदामाशेजारी, जिथं आयुष्यभर तिला श्वास पुरला नाही, तिथंच.

तिला नेताना वाटेत एकदा तिरडी खाली ठेवतात. आबांची इच्छा होती की ती हवेलीच्या ओट्यापाशी ठेवावी. भाऊबंद म्हणाले, प्रवेश न झालेल्या वास्तूच्या दारात प्रेत टेकवतात का कुठं? तेव्हा बोळाच्या टोकाशी निंबाखाली ठेवली. बायका मसणात जात नाहीत, मला हे काकांनी सांगितलं. बा रस्त्यावर येऊन उभी राहिली होती आणि गुजरातीत जे काही बोलत होती ते मायला उद्देशून होतं की भाऊबंदांना, हे काकांना कळलं नाही. मला कळतं, ती रोज मायला म्हणायची तेच.

कार्तिकी एकादशी आली, देव उठले, गावभर तुळशीची लग्नं लागली. आमच्या घरी कुणी त्याचं नाव काढलं नाही. खरं तर वर्षभर घरात शुभकार्य करत नाहीत. पण मुलगी लग्नाला आलेली असली तर तिचं लग्न मात्र वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबावं लागतं. माझं फाल्गुनात ठरलं. लग्न नव्या घरातून व्हावं, असं काकांनी काढलं, आणि माघातला वास्तूचा मुहूर्त धरला. विधुराला पूजेला बसता येत नाही, म्हणून काका-काकी बसणार होते.

त्या सकाळी सगळे हवेलीच्या दारात जमले. दाराला तोरण, ओट्यावर रांगोळी. काकीच्या डोक्यावर भरलेला कलश. घराच्या लक्ष्मीनं पहिलं पाऊल टाकायचं असतं. काकी वाईट नव्हती. तीही रडत होती. भटजी घड्याळ हातात घेऊन उभे. म्हणाले, "वेळ झाली. चला, उजवा पाय."

"थांबा," आबा म्हणाले.

ते ओट्यावर बसले. जिथं माय बसायची तिथंच, रांगोळी पुसून. सगळ्यांना वाटलं चक्कर आली. कुणी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. भटजी म्हणाले, "अहो, वेळ थोडा आहे." काकांनी खाली बसून त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "भाऊ, मुहूर्त टयी ऱ्हायना."

"टयू दे," आबा म्हणाले.

आणि आम्ही सगळे तिथं उभे राहिलो. काकीला कलश पेलवेना तेव्हा बानं पुढं होऊन कलश उतरवून घेतला. मला आबांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं की हे श्रावणात का नाही केलंत, तेव्हा का नाही असे बसलात? भटजी दोनदा घड्याळ पाहून तिसऱ्यांदा पाहताना तोंडानं चक् असा आवाज करून म्हणाले, "गेला."

आबा उठले. धोतर झटकलं. कुठला पाय आधी पडतो हेसुद्धा न पाहता उंबरा ओलांडून आत गेले आणि आतून म्हणाले, "चाला आते. या सगळा."

भटजी दक्षिणा न घेताच रागानं गेले. काकी दिवसभर धास्तावलेली होती आणि पुढं कित्येक दिवस लेकरांच्या कपाळाला हात लावून पाहायची. चुलीवर वरून उजेड पडायचा, त्यात तिचा स्वयंपाक नीट व्हायचा, हे तिनंच मला सांगितलं.

माझं लग्न त्या घरात लागलं. माझी सगळी बाळंतपणं तिथंच, वरच्या खोलीत झाली आणि माझं एकही मूल गेलं नाही. काकांची पोरं शिकली, धंद्याला लागली. आबा भुवया पांढऱ्या होईपर्यंत जगले, झोपेत गेले. मुहूर्त मोडून, डावा-उजवा पाय न पाहता आम्ही ज्या घरात शिरलो, तिथं कुणाचंही कधीच काही वाईट झालं नाही. लोक म्हणतात, तुम्हाला वास्तू लाभली. मला ते ऐकवत नाही. एखादं तरी संकट यायला हवं होतं. म्हणजे मायचं बरोबर होतं, असं मला म्हणता आलं असतं.